शंभर रुपयांनी हरलात, असं कुणी सांगितलं?

ताई, स. न. वि. वि.

मी नोकरीला हिंजवडीत, राहायला कोथरूडला. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांचा चांदीच्या रुपयांचा एक अल्बम आहे, व्हिक्टोरिया राणीपासून सहाव्या जॉर्जपर्यंतचा. त्यात दोनच खण रिकामे राहिलेत, १९११ आणि १९३९. ते भरायचे म्हणून गेल्या दिवाळीपासून ऑनलाइन लिलावात उतरलो. १९११ च्या रुपयासाठी दोनदा शेवटपर्यंत मीच पुढे होतो, आणि दोन्ही वेळा शेवटच्या पाच-सहा सेकंदांत कुणीतरी शंभर रुपये जास्त लावून तो उडवला. तिसऱ्या वेळी ठरवलंच की काही झालं तरी सोडायचा नाही. मिळाला, पण बाजारभावाच्या जवळजवळ दुप्पट पडला. आता महिनाअखेरीला एका लिलावात १९३९ चा रुपया येतोय. या शेवटच्या क्षणी येणाऱ्यांशी कसं लढायचं? त्यासाठी सॉफ्टवेअर मिळतं म्हणे, ते घ्यावं का? आणि एक सांगायचं राहिलं. तिसऱ्या वेळची खरी रक्कम बायकोला अजून माहीत नाही.

– रिकामा खण, कोथरूड

रिकामा खण यांस,

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत खटकलेलं वाक्य ‘शंभर रुपये जास्त लावून उडवला’ हे आहे. तुम्ही शंभर रुपयांनी हरलेला नाही. किती रुपयांनी हरलात ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि कधी कळणारही नाही.

अशा साइटवर आपण बोली टाकतो ती खरं तर कमाल मर्यादा असते. तुम्ही १०,००० लिहिलेत म्हणून लगेच १०,००० लागत नाहीत. यंत्र तुमच्या वतीनं दुसऱ्याच्या बोलीपेक्षा एक पायरी वर जातं आणि तिथं थांबतं. समजा तुम्ही ४,८०० वर होतात आणि पायरी शंभराची होती. त्या गृहस्थानं शेवटच्या सहा सेकंदांत ९,००० लिहिले असतील, नाही तर १५,०००. पडद्यावर मात्र ४,९०० च दिसणार, कारण त्याला अडवणारा दुसरा माणूस ४,८०० वर थांबला होता. तो दुसरा माणूस तुम्ही. तुम्ही चिडून आणखी शंभर घातले असते तर त्याचा रुपया दोनशेनं महागला असता, तुमच्या हाती काही लागलं नसतं.

जिंकणाऱ्यानं दुसऱ्या क्रमांकाच्या भावानं पैसे द्यायचे, ही पद्धत संगणकाच्या फार आधीची आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन गावी १८९३ साली टपाल तिकिटांच्या लिलावात ती वापरल्याची नोंद सापडते. लांबचे गिऱ्हाईक पत्रानं बोली पाठवायचे, त्यांनी मोकळ्या मनानं खरा आकडा लिहावा म्हणून ही सोय. पुढे विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञानं १९६१ मध्ये तिचा सिद्धांत मांडला आणि १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. (जाहीर झालं आणि तीनच दिवसांत तो गेला, बिचारा.) तिकिटं जमवणाऱ्यांना जे सत्तर वर्षं आधी उमगलं होतं ते प्राध्यापकांनी सिद्ध केलं, याचा मला संग्राहक म्हणून उगाचच अभिमान वाटतो.

सिद्धांत सांगतो तो इतकाच, की वस्तू तुम्हाला जेवढ्याची वाटते तेवढाच आकडा लिहा. कमी लिहून पैसे वाचत नाहीत, कारण तुम्ही काय मोजणार ते दुसऱ्याच्या आकड्यावर ठरतं. कमी लिहिण्यानं फक्त परवडणारी वस्तू हातची जाते. जास्त लिहिलंत तर कधीतरी तेवढाच वेडा दुसरा भेटतो. तिसऱ्या खेपेला तुम्हाला तो भेटला. आणि त्यालाही तुम्ही भेटलात.

मग तुम्ही म्हणाल, खरा आकडा लिहिला की झालं, तर हे लोक शेवटच्या सेकंदाची वाट का बघत बसतात?

त्याचं एक कारण तुम्ही स्वतः आहात. तुमच्यासारखे लोक खरा आकडा लिहीतच नाहीत. ४,००० टाकायचे, कुणी वर गेलं की ४,२००, मग ४,४००. आपली मर्यादा काय हे कुणीतरी डिवचल्यावरच तुम्हाला सुचायला लागतं. असा माणूस समोर असेल तर त्याला डिवचायचंच नाही, विचार करायला वेळच द्यायचा नाही, हे अनुभवी गिऱ्हाइकाला पक्कं माहीत असतं. तुम्ही पहिल्याच दिवशी एकदाच ६,००० लिहून झोपी गेला असतात, तर त्या सहा सेकंदांत येणाऱ्याला विशेष फायदा मिळाला नसता.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं, आणि ते कळण्यासाठी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जावं लागेल. तुमचे वडील जमवणारे होते, म्हणजे ते रविवारी नाही तर बुधवारी तिथं नक्की जात असणार. मी बँकेत होते तेव्हापासून जाते. तिथला पहिला धडा असा, की जे हवंय त्याच्याकडे बघायचं नाही. अडकित्ता उचलायचा, कुलूप उचलायचं, पितळी डब्याचा भाव विचारून नाक मुरडायचं, आणि मग जाता जाता, ‘ही चिल्लर कितीला?’ विक्रेत्यानं तुमच्या डोळ्यांत चमक पाहिली की भाव तिथंच तिप्पट. त्याहून वाईट म्हणजे शेजारी उभा असलेला दुसरा जमवणारा. बाई एवढ्या वाकून कशाकडे बघतायत, हे त्याला दिसलं की मेहनत आपली आणि माल त्याचा.

ऑनलाइन लिलावात लवकर टाकलेली बोली म्हणजे डोळ्यांतली ती चमक. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघा अर्थतज्ज्ञांनी ईबे आणि ॲमेझॉन या दोन ठिकाणच्या लिलावांची तुलना करून २००२ मध्ये एक लेख लिहिला होता. ईबेवर ठरलेल्या सेकंदाला लिलाव संपायचा. ॲमेझॉनवर तेव्हा लिलाव चालत, तिथं शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की वेळ पुढं सरकायची. शेवटच्या क्षणाची गर्दी अर्थातच ईबेवर जास्त निघाली. पण मला आवडलेली गोष्ट पुढची आहे. ईबेवर ही गर्दी संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावात जास्त होती. संगणकाची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. जुनी वस्तू अस्सल आहे की नाही हे जाणकारालाच कळतं, आणि त्यानं हात वर केला की बाकीच्यांना फुकटात प्रमाणपत्र मिळतं. म्हणून जाणकार शेवटपर्यंत गप्प राहतो.

आपल्याकडे मार्केटमध्ये पूर्वी हत्ता पद्धतीनं सौदे व्हायचे. आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे, आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळायचा. शेतकऱ्यासाठी ती वाईटच होती. पण शेवटच्या सेकंदाला येणारा माणूस तोच रुमाल शोधत असतो.

तेव्हा आधी हे बघा, की तुमचा लिलाव कोणत्या जातीचा आहे. वेळ पक्की असेल, सेकंदावर संपणारा असेल, तर बोली एकदाच, शेवटच्या आठ-दहा सेकंदांत, पूर्ण मर्यादेची. त्याआधी एक रुपयाचीही नाही, नुसतं यादीत टाकून ठेवायचं. सॉफ्टवेअर घेऊ नका. ते हेच काम करतं, पण आपल्या खात्याचा पासवर्ड परक्या माणसाला देऊन. घड्याळ लावा आणि घरच्या वायफायवर बसा. (वाकडच्या पुलाखालून मोबाइलवर बोली लावणाऱ्या माझ्या भाच्याची कथा पुन्हा कधीतरी.) आकडा गोल नको. ५,००० लिहिणारे पुष्कळ असतात, आणि ईबेसारख्या ठिकाणी दोन बोली सारख्या आल्या तर आधीची जिंकते. उशिरा येणाऱ्यानं तरी ५,१३७ असंच काहीतरी लिहावं.

आपल्याकडची नाण्यांची बरीच लिलावघरं मात्र वेळ वाढवणारी पद्धत ठेवतात किंवा सभागृहात प्रत्यक्ष लिलाव घेऊन तोच ऑनलाइन दाखवतात. तिथं शेवटच्या सेकंदाला अर्थ नाही, कारण शेवटचा सेकंद ठरलेलाच नसतो. तिथं लढाई घड्याळाशी नसून स्वतःशी असते आणि तीच जास्त महाग पडते. तुमचा १९३९ चा रुपया कोणत्या पद्धतीत येतोय ते तुम्ही लिहिलेलं नाही. अटींचं पान आजच वाचा.

आता आकडा. तो लिलावाच्या आदल्या दिवशी ठरवायचा, सकाळी, चहा घेऊन. लिलाव चालू असताना सुचलेला आकडा आपला नसतो, समोरच्याचा असतो.

विक्रेत्यानं मागितलेले भाव आकडा ठरवताना विचारात घेऊ नका, मागायला काय जातं? प्रत्यक्ष कितीला गेला ते बघा. मोठी लिलावघरं जुन्या लिलावांचे निकाल ठेवतात. त्याच सालाचे, शक्यतो त्याच दर्जाचे चार-पाच नग काढा. व्हीएफ (वापरलेलं, पण थोडंच झिजलेलं) आणि यूएनसी (न वापरलेलं) यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेव्हा चांगल्या नगाचा भाव झिजलेल्याला लावू नका. निकालातला आकडा हातोड्याचा, म्हणजे नुसत्या शेवटच्या बोलीचा आहे, की प्रीमियम, म्हणजे लिलावघर गिऱ्हाइकाकडून वर घेतं ती रक्कम, धरून, तेही पाहा. नवशिके इथंच फसतात. समजा सगळं धरून तुमच्या खिशातून १२,००० च जायला हवेत. त्यातले ३०० विम्यासकट टपालाचे. उरले ११,७००. लिलावघराचा प्रीमियम आणि त्यावरचे कर मिळून समजा २० टक्के होतात. मग बोली १२,००० ची होत नाही, ११,७०० ला १.२ नं भागून ९,७५० ची होते. तुम्ही ज्याला दुप्पट म्हणता त्यातला काही भाग हा असाच, न मोजलेला असणार अशी मला शंका आहे.

पायऱ्या ५०० च्या असतील तर ९,७५० ही बोलीच होत नाही. तुम्ही ९,५०० वर याल, किंवा ९,५०० दुसऱ्याचे होतील आणि तुमच्या वाट्याला १०,००० चा प्रश्न येईल. त्या क्षणी एक पायरी चढायची की नाही, हेही आदल्या दिवशीच ठरवून ठेवायचं. मी एक चढते. दुसरी कधीच नाही. ही दुसरी पायरी मला १९९८ साली एका व्हिक्टोरिया रुपयासाठी किती महागात पडली ते आकड्यात सांगणार नाही, कारण हे सदर आमच्या घरीही वाचतात.

फोटोवरून घेताना अजून एक वजाबाकी करा. वीस जणांनी एकच फोटो पाहिला, तर त्या नाण्याबद्दल सर्वांत गोड गैरसमज ज्याचा झालाय तोच जिंकतो. घासूनपुसून लखलखीत केलेलं नाणं फोटोत नवीन दिसतं आणि हातात आल्यावर त्यावर भिंगाखाली केसासारखे ओरखडे दिसतात. कडेचा फोटो दिलेला नसेल तर मागवा. दिला नाही तर माझा आकडा निम्म्यावर येतो.

तुमचे दोन खण एकसारखे नाहीत, हे वडिलांनी तुम्हाला सांगितलं असेल. १९११ चा रुपया म्हणजे तोच, ज्यात पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी सोंड नीट काढावी लागली. गोष्ट रंगतदार म्हणून मागणी आहे, पण नग काही दुर्मीळ नाही. एक गेला तर दुसरा येतो. अशा वस्तूसाठी ‘सोडायचा नाही’ हे वाक्य मनात आणायचंच नसतं. तीन लिलाव सोडायचे, चौथ्यात गर्दी नसते. फक्त एका वेळी एकाच नगावर बोली चालू ठेवा, नाही तर दोन्ही गळ्यात पडतात.

१९३९ ची गोष्ट वेगळी. तो खरोखर कमी दिसतो, म्हणून नकली फार. कुठं ओतीव, कुठं शेजारच्या सालाचा अंक कोरून बदललेला. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. त्याआधीचा रुपया ९१.७ टक्के चांदीचा आणि ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. (सराफाचा हल्लीचा १० ग्रॅमचा तोळा वेगळा.) घरी करता येईल अशी परीक्षा आहे. दोन दशांशांचा छोटा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकतं धरा, तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं, म्हणजे न झिजलेल्या नगाला काटा १.१३ दाखवेल. वापरलेलं नाणं थोडं हलकं भरणार, भागाकार मात्र तोच येतो. पण १९३८ च्या आठाचा नऊ केलेला असेल तर पाणी काही सांगणार नाही, ते भिंगच सांगेल. म्हणून १९३९ मी एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलाच घेईन, आणि डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून फोटो जुळतो का पाहीन. डब्याही नकली निघतात.

या नगासाठी बाजारभावाच्या थोडं वर जायला माझी हरकत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, मी म्हणते असतं, फक्त ते वेगळ्या ओळीत लिहायचं. बाजाराचे इतके, वडिलांच्या खणाचे इतके. पहिली ओळ उद्या विकलं तर परत येईल, दुसरी येणार नाही, हे स्वतःला सांगून मग बेरीज करायची. आपल्याच शहरात शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांनी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं अख्खं संग्रहालय उभं केलं. तुमचा तर एक खण आहे. त्याची लाज वाटू देऊ नका, पण त्याचा आकडा ठरलेला असू द्या.

लिलावघराकडे आगाऊ लेखी बोली ठेवायची सोय असते. प्रामाणिक घर ती यंत्रासारखीच एकेक पायरीनं वापरतं. मला मात्र एका ठिकाणी लागोपाठ दोनदा वस्तू नेमकी माझ्या कमाल आकड्यालाच पडली. एकदा योगायोग म्हणून सोडून दिलं, दुसऱ्यांदा त्या घराला कायमचा रामराम. तेव्हापासून मी स्वतः बसून बोली लावते. साइटवर बोलींचा इतिहास दिसत असेल तर तोही वाचावा. एकच टोपणनाव त्याच विक्रेत्याच्या प्रत्येक वस्तूवर चढतं, कधी जिंकत नाही, आणि जिंकलंच तर वस्तू पंधरवड्यात पुन्हा विक्रीला येते, हे दिसलं तर तो विक्रेत्याचाच मेहुणा समजा.

कायद्याचं दोन शब्दांत. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, तेव्हा १९११ चा रुपया परदेशातल्या मित्राला भेट म्हणून पाठवायचं मनातही आणू नका. ‘शेतात हंडा सापडला’ म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. दहा रुपयांवरचं असं धन जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. आणि रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुन्या नाण्यांवर कमिशन किंवा कर मागणारा फोन आला तर बंद करा. बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्येच सांगितलंय की तिचा अशा व्यवहारांशी काही संबंध नाही.

बायकोला सांगा. आजच सांगा. पार्सल बहुधा त्यांनीच घेतलंय आणि पाकिटावर विम्याची रक्कम छापलेली असते, तेव्हा तुम्हाला वाटतं तेवढं ते गुपित राहिलेलं नसावं. शिवाय १९३९ च्या लिलावात दुसरी पायरी चढायला निघाल तेव्हा शेजारी बसून ‘पुरे’ म्हणणारं कुणीतरी लागेल. आमच्या घरी ते काम ह्यांच्याकडे आहे.

आणि तो दुप्पट भावाचा १९११. त्याचं वजन केलंत का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. परत करायची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते आणि ती पार्सल मिळाल्यापासून मोजतात. हे वाचून झालं की आधी काटा काढा.

– ताई